एकाच कृत्याचे दोन साक्षीदार

बुधवारी साडेआठला वाचनालय बंद होतं,
तळघर मात्र चालू.
किल्ल्या माझ्याकडे. हाकन्सनबाई म्हणतात,
"लायल, आणखी दहा मिनिटं."
ती दहा मिनिटं सप्टेंबरपासून संपलेली नाहीत.

बाहेर सुपीरियर सरोवर काळंकुट्ट.
कच्च्या लोखंडाचं बहुधा मोसमातलं शेवटचं जहाज
डुलूथच्या पुलाखालून भोंगा देत गेलं.
आत चौदा खुर्च्या, जळकट कॉफी,
आणि फळ्यावर संविधानातलं एकच वाक्य.
चाळीस वर्षं फुकट्या अशिलांचे खटले लढलेला हात,
अक्षर अजून सरळ.

देशाविरुद्ध युद्ध मांडणं.
किंवा शत्रूला जाऊन मिळणं,
त्याला मदत आणि ऊब देणं.
बस्स, एवढंच.

'ऊब'पाशी ओडेल प्रूइट अडला.
बसगाड्यांचा मेकॅनिक, नखांत ग्रीस.
"राष्ट्राध्यक्षानं जेवताना, निव्वळ शेखी मिरवायला,
परक्या पाहुण्याला सांगून टाकलं
आपल्या पोरांचा तळ कुठे आहे ते.
ही ऊब नाही तर काय?
अंगावर पांघरूण घालायचं तेवढं राहिलं!"

कुणी हसलं नाही.
ओडेलचा भाचा त्या तळावर होता.
आहे अजून, घरी. एक पाय कमी.

बाई म्हणाल्या, "शत्रू कोण?"
"तो पाहुणा."
"त्याच्या देशाशी आपलं युद्ध चालू आहे?"
ओडेल कपात बघत राहिला.
"मग कायद्याच्या लेखी तो शत्रू नाही.
फार तर वाईट शेजारी."

रेनाटा रात्रपाळीची नर्स, कोट चढवता चढवता थांबली.
"म्हणजे घरच्यानंच कडी काढून दिली,
तर ती चोरी नाही?"

"चोरी असेल. लाच असेल, बेजबाबदारपणा असेल,
त्यांना वेगळी कलमं आहेत, महाभियोग आहे.
मी या एका शब्दाचं बोलतेय.
राजाच्या काळात याचं दार एवढं रुंद होतं
की राजा मेल्याचं नुसतं मनात आणलं
तरी माणूस आत ओढला जाई.
म्हणून आपल्या लोकांनी ते मुद्दाम अरुंद केलं.
आज तुम्ही ते त्याच्यासाठी रुंद कराल,
उद्या त्यातून तुम्हाला नेतील, ओडेल,
बसच्या मागच्या काचेवर काहीतरी चिकटवलंत म्हणून."

मग त्यांनी पुढची ओळ लिहिली:
एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार,
नाहीतर भर न्यायालयात कबुली.

कबुलीवर मात्र सगळे हसले.

"टेबलाशी होतं कोण?" रेनाटानं विचारलं.
"दोघं जेवणारे. एक दुभाष्या."
"आणि वाढणारा," मी म्हणालो.
तळघरात मी पहिल्यांदाच बोललो असेन.
चौदा माना वळल्या. वाढणारा असतोच ना,
बशी उचलताना कान घरी ठेवून येत नाही तो.

अठ्ठ्याहत्तर साली मी गोदीवर होतो.
मुकादमानं क्रेनवर न चढताच तपासणीचा कागद सही केला,
मी बघितलं. माझ्या शेजारी हॅल्वरही होता.
नऊ दिवसांनी आइनार कोलस्टाड खाली आला,
दोरासकट.
चौकशीत मी सांगितलं.
हॅल्वर म्हणाला, मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होतो.

एकाचं पाहणं म्हणजे कायद्याला अफवा.
आणि ते बरोबरही आहे, मला ठाऊक आहे.
मुकादम निवृत्त झाला, त्याला घड्याळ मिळालं.

बाईंनी मत मागितलं नाही.
पिशवी उचलली, जिन्यात म्हणाल्या,
"बसत नाही व्याख्येत. मला बसवायचं होतं, लायल,
उन्हाळाभर प्रयत्न केला."

ओडेल गाडीवरचं बर्फ खरवडत होता.
मी कुलूप लावलं. गोठलेलं, दोनदा फिरवावं लागतं.
डोक्यात तो वाढणारा:
कुठल्याशा खोलीत कोरा सदरा उतरवून
पलंगाच्या कडेवर बसलेला,
वाकून, बूट सोडत.